केंद्रक फुटले तरी ऊर्जा, जुळले तरी ऊर्जा: हे कसे?

कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने लिहिले आहे की, बारावीच्या वर्गात विखंडन (अणूचे जड केंद्रक फुटणे) आणि संमीलन (हलकी केंद्रके जुळणे) यांतील फरक शिकवताना एका विद्यार्थिनीने त्यांना मध्येच थांबवले. जड केंद्रक फुटताना ऊर्जा बाहेर पडते आणि हलकी केंद्रके जुळतानाही ऊर्जाच बाहेर पडते, तर मग एकच केंद्रक फोडायचे, पुन्हा जोडायचे, असे करत अखंड ऊर्जा का मिळवता येऊ नये, असा तिचा प्रश्न होता. शिक्षिकेने त्याला स्वतःची एक शंका जोडली आहे: संमीलनाचे इंधन समुद्राच्या पाण्यात आहे आणि ते अधिक सुरक्षित आहे असे वाचायला मिळते, तर तारापूरच्या अणुवीज केंद्रात आपण अजून विखंडनावरच का विसंबून आहोत?

मी जड पाण्याच्या, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या, अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षात बरीच वर्षे पाळीत काम केले आणि नंतर नव्या ऑपरेटरांना शिकवले. त्या अनुभवावरून सांगतो की, ‘एकात फुटते, दुसऱ्यात जुळते’ हे परीक्षेतले उत्तर बरोबर असले तरी त्यातून खऱ्या फरकापर्यंत पोहोचता येत नाही. त्या मुलीला मात्र नेमकी अडचण दिसली आहे, म्हणून आधी तिचेच उत्तर देतो.

केंद्रकातील सगळे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांपासून पूर्ण सुटे करायला जेवढी ऊर्जा खर्च करावी लागेल, तिला बंधनऊर्जा म्हणतात. पुष्कळ विद्यार्थी ती केंद्रकात साठवून ठेवलेली ऊर्जा समजतात आणि तिथेच घोळ होतो. केंद्रक तयार होताना बंधनऊर्जा आधीच बाहेर पडून गेलेली असते. ज्याची बंधनऊर्जा जास्त, ते केंद्रक तितक्या खोल विहिरीत बसलेले आहे असे समजावे. दर कणामागे ही खोली मोजली तर ड्युटेरियममध्ये (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) ती सुमारे १.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (केंद्रकांच्या ऊर्जेचे माप), म्हणजे १.१ एमईव्ही भरते; हेलियम-४ मध्ये ७.१, लोखंडाच्या आसपास ८.८, बेरियम किंवा क्रिप्टॉन अशा मधल्या केंद्रकांत साधारण ८.५, आणि युरेनियम-२३५ मध्ये पुन्हा कमी होऊन ७.६. सर्वांत खोल जागा लोखंड आणि निकेल यांच्यापाशी आहे, आणि हलकी केंद्रके एका बाजूने, तर जड केंद्रके दुसऱ्या बाजूने तिकडेच उतरतात.

असे का होते, हेही वर्गात सांगण्यासारखे आहे. केंद्रकातील कणांना धरून ठेवणारे बल फक्त शेजाऱ्यापुरते पोहोचते, तर प्रोटॉनांचे एकमेकांना दूर ढकलणे केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. लहान केंद्रकात जवळजवळ प्रत्येक कण कडेला असतो आणि त्याला शेजारी कमी मिळतात, त्यामुळे आणखी कण जुळले की पकड घट्ट होते. युरेनियमसारख्या मोठ्या केंद्रकात मात्र शेजाऱ्यांची संख्या तेवढीच राहते आणि प्रत्येक प्रोटॉनला ढकलणारे इतर प्रोटॉन मात्र ९१ असतात, म्हणून ते दुभंगले की दोन्ही तुकडे अधिक घट्ट बसतात.

आता प्रत्यक्ष आकडेमोड करून पाहू. ड्युटेरियमची एकूण बंधनऊर्जा २.२ एमईव्ही, ट्रिटियमची (हायड्रोजनचेच आणखी जड रूप: एक प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) ८.५ आणि हेलियम-४ ची २८.३. ड्युटेरियम आणि ट्रिटियम जुळून हेलियम आणि एक सुटा न्यूट्रॉन तयार होतो, तेव्हा २८.३ मधून २.२ आणि ८.५ वजा केले की १७.६ एमईव्ही उरतात, आणि प्रयोगात नेमकी तेवढीच ऊर्जा मिळते. युरेनियमच्या बाबतीत सुमारे २३५ कणांपैकी प्रत्येकाला ७.६ वरून ८.५ च्या जवळपास जाताना ०.९ च्या आसपास लाभ होतो, म्हणून एका विखंडनातून साधारण २०० एमईव्ही बाहेर पडतात. एका घटनेपुरते पाहिले तर विखंडन कितीतरी मोठे दिसते, पण संमीलनात फक्त पाच कण गुंतलेले असल्यामुळे दर किलो इंधनामागे संमीलनाची ऊर्जा सुमारे चौपट होते.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर याच आकड्यांत आहे. युरेनियम फोडून मिळालेले तुकडे पुन्हा जोडायचे तर तेच २०० एमईव्ही परत भरावे लागतील, आणि हेलियम फोडून पुन्हा हायड्रोजनकडे जायचे तर संमीलनाची सारी कमाई परत करावी लागेल. दोन्ही क्रियांतून ऊर्जा मिळते ती वेगवेगळ्या केंद्रकांतून, एकाच केंद्रकातून कधीच नाही. लोखंड फोडले तरी खर्च आणि जोडले तरी खर्च. झारखंडमधील जादूगुड्याच्या खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये आज जी ऊर्जा हाती लागते, ती सूर्यमाला जन्मण्याआधी घडलेल्या प्रचंड तारकीय उत्पातांनी तिथे चढवून ठेवलेली आहे.

इथपर्यंतचे बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते. माझ्या मते खरा फरक क्रिया सुरू कशी होते यात आहे, आणि बाकीचे जवळपास सगळे फरक त्यातूनच निघतात. विखंडनाची ठिणगी म्हणजे न्यूट्रॉन. त्याला विद्युतभार नसल्यामुळे युरेनियमचे केंद्रक त्याला अडवत नाही. उलट तो जितका संथ, तितकी तो युरेनियम-२३५ मध्ये शिरण्याची शक्यता जास्त. खोलीच्या तापमानाला असलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा जेमतेम ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, आणि तेवढ्या नगण्य धक्क्याने २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोकळे होतात. शिवाय प्रत्येक विखंडनातून सरासरी अडीच नवे न्यूट्रॉन बाहेर येतात, म्हणजे पुढची ठिणगी क्रियेतूनच मिळते. संमीलनात याउलट दोन्ही भागीदार धनभारित असतात, एकमेकांना दूर ढकलतात, आणि केंद्रकीय बलाच्या टप्प्यात येण्याइतके जवळ आणायचे तर त्यांना अफाट वेग द्यावा लागतो. अफाट वेग म्हणजेच अफाट तापमान. शिवाय जुळून तयार झालेले हेलियम पुढच्या जोडीला पेटवत नाही. ते फक्त भोवतालचा वायू तापवते. म्हणून विखंडनात शृंखला अभिक्रिया असते आणि संमीलनात ती नसते.

इतिहासही हेच दाखवतो. प्रयोगशाळेत संमीलन आधी दिसले: १९३४ मध्ये केंब्रिजला रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी ड्युटेरियमवर ड्युटेरियमचा मारा करून ते घडवले होते. विखंडन त्यानंतर चार वर्षांनी, डिसेंबर १९३८ मध्ये, बर्लिनला ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांच्या हाती लागले. न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्ये त्यांना बेरियम सापडले आणि त्याचा अर्थ लागेना. नात्झी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या लिझे माइटनर आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश यांनी त्याच नाताळात स्वीडनमध्ये बर्फातून चालता चालता, केंद्रक पाण्याच्या थेंबासारखे लांबून दुभंगत असावे, हा विचार मांडला आणि २०० एमईव्हीचा हिशेबही केला. पुढे चार वर्षेही झाली नव्हती, तोच २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांनी शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणातील प्रेक्षक-सज्जाखाली ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून नियंत्रित शृंखला अभिक्रिया चालवून दाखवली. त्या रचनेला थंड करण्याचीही सोय नव्हती, कारण शक्ती फक्त अर्धा वॉट होती. तुर्भ्याची ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी साध्या पाण्याच्या हौदात कार्यान्वित झाली. आफ्रिकेत गॅबनमधील ओक्लो येथे तर सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील पाणी आणि युरेनियमचा साठा यांच्या योगाने विखंडन आपोआप सुरू होऊन दीर्घकाळ चालले होते. संमीलन मात्र १९३४ पासून आजतागायत एकाही वीजकेंद्रात चाललेले नाही. डॉ. होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून, नियंत्रित संमीलनाचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असा अंदाज व्यक्त केला होता. इतक्या जाणत्या शास्त्रज्ञाचा अंदाज चुकला, यावरून त्या कामाच्या अवघडपणाची कल्पना यावी.

सहज सुरू होणारी गोष्ट सहज आवरते असे मात्र नाही. आमचे सगळे प्रशिक्षण विखंडन सुरू करण्यापेक्षा ते ताब्यात ठेवण्याचे असते. अडीच न्यूट्रॉनांपैकी नेमका एकच पुढचे विखंडन घडवील आणि उरलेले शोषले जातील किंवा निसटतील, अशी स्थिती आली की भट्टी क्रिटिकल झाली असे आम्ही म्हणतो. या शब्दाने लोक दचकतात, पण क्रिटिकल म्हणजे समतोल. आता समजा, हा एक वाढून १.००१ झाला, आमच्या बोलण्यात त्याला एक मिली-के म्हणतात. न्यूट्रॉनची एक पिढी सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकते असे धरले, तर एका सेकंदात हजार पिढ्या होऊन शक्ती २.७ पट होईल आणि दहा सेकंदांत वीस हजार पटींच्या वर जाईल. कोणताही माणूस, कोणतीही यंत्रणा त्याच्यामागे धावू शकणार नाही.

तसे होत नाही, कारण युरेनियम-२३५ च्या विखंडनातील सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन लगेच बाहेर येत नाहीत. ते काही तुकड्यांच्या किरणोत्सारी क्षयातून, काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंतच्या विलंबाने येतात. भट्टी याच उशिरा येणाऱ्यांच्या भरवशावर क्रिटिकल ठेवली की तीच २.७ पट वाढ व्हायला मिनिटभराच्या आसपास वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात नियंत्रण यंत्रणा निवांत काम करते. नव्या ऑपरेटरला सिम्युलेटरवर पहिल्यांदा ही संथ चढती रेषा दिसते, तेव्हा शेकड्यातला एकही पूर्ण भाग नसलेल्या या विलंबित न्यूट्रॉनांवर साऱ्या जगाची अणुवीज उभी आहे, हे मी त्याला आवर्जून सांगत असे. निसर्गाने ही सवलत दिली नसती तर विखंडनाचा बॉम्ब झाला असता, पण वीजकेंद्र बहुधा झाले नसते.

विखंडनाची दुसरी, आणि माझ्या दृष्टीने अधिक गंभीर, बाब म्हणजे ते थांबवल्यानंतर उरणारी उष्णता. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासारख्या ५४० मेगावॉटच्या भट्टीत पूर्ण शक्तीवर सुमारे १७०० मेगावॉट उष्णता निर्माण होत असते. न्यूट्रॉन शोषणाऱ्या कांड्या आत गेल्या की शृंखला अभिक्रिया दोन-तीन सेकंदांत कोलमडते, पण इंधनात साचलेले तुकडे किरणोत्सार करतच राहतात. बंद झाल्याच्या क्षणी मूळ उष्णतेच्या ६ ते ७ टक्के, म्हणजे १०० मेगावॉटच्या वर; तासाभराने दीड टक्का; दिवसाने अर्धा टक्का, म्हणजे तरीही ८ मेगावॉट. ती पाण्याने वाहून न्यावीच लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंपाबरोबर ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. सुमारे पाऊण तासाने आलेल्या त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडवली, पाणी फिरवणारे पंप थांबले आणि या उरलेल्या उष्णतेनेच इंधन वितळवले. म्हणून भट्टी बंद आहे या वाक्यावर आमच्याकडे कोणी समाधान मानत नाही. ती थंड होते आहे का, हा पुढचा प्रश्न लगेच येतो.

संमीलनात ही काळजी मुळातच फार कमी आहे. शृंखला अभिक्रिया नसल्याने क्रिया हाताबाहेर जाण्याचा प्रश्न येत नाही, आणि कोणत्याही क्षणी संमीलनाच्या पात्रात तप्त वायूच्या रूपात जेमतेम ग्रॅमभर इंधन असते. थोडा बिघाड झाला, भिंतीवरचा कचरा आत आला, वायूला अधांतरी धरणारी चुंबकीय पकड ढिली झाली की वायू निवतो आणि क्रिया विझते. ओल्या लाकडांची चूल जशी फुंकणी खाली ठेवताच धुमसून विझते, तशी ही आग आहे. तिची सुरक्षितता आणि तिचा अवघडपणा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या कारणाने ती भडकत नाही, त्याच कारणाने ती टिकतही नाही.

किती तापवावे लागते? सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे, पण पृथ्वीवर आपल्याला १० ते १५ कोटी अंशांची गरज पडते, आणि हे ऐकून विद्यार्थी नेहमी गोंधळतात. कारण असे की सूर्य अतिशय संथ जळतो. साध्या हायड्रोजनची दोन केंद्रके जुळताना एका प्रोटॉनचे न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि ती घटना इतकी दुर्मिळ आहे की गाभ्याच्या मध्यातही दर घनमीटरमागे तीनशे वॉटांपेक्षा कमी उष्णता निर्माण होते. तेवढ्याच आकारमानात माणसाचे शरीर याहून जास्त उष्णता देते. सूर्य तळपतो तो अवाढव्य आकारमानामुळे. तो सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन हेलियममध्ये बदलतो आणि त्यातले ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन जाते. आपल्याजवळ सूर्याएवढी जागाही नाही आणि त्याच्याएवढा वेळही नाही, म्हणून ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही सर्वांत लवकर जुळणारी जोडी निवडावी लागते आणि तापमान वाढवावे लागते. इतका तप्त, विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, कोणत्याही भांड्याला टेकवून चालत नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ तम आणि साखारोव्ह यांच्या कल्पनेतून आलेल्या टोकामाकमध्ये तो चुंबकीय क्षेत्राने कड्याच्या आकारात अधांतरी धरला जातो. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हा टोकामाक १९८९ पासून चालला, आणि फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या सात भागीदारांच्या प्रकल्पात भारत सहभागी आहे. त्या यंत्राला वेढणारे सुमारे ३० मीटर उंचीचे, ३८०० टनांहून जड निर्वात पात्र भारताने पुरवले असून त्याचे भाग गुजरातेत हजिऱ्याला घडवले गेले.

प्रगती झालेली आहे, पण बातम्या वाचताना हिशेब नीट पाहावा. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील राष्ट्रीय प्रज्वलन केंद्रात २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा मिळाली, आणि तो क्षण खरोखर ऐतिहासिक होता. मात्र ते लेसर चालवायला वीजवाहिनीतून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले गेले होते. इंग्लंडमधील ‘जेट’ या टोकामाकने २०२३ मध्ये पाच-सहा सेकंदांत ६९ मेगाज्यूलचा विक्रम केला, तोही केवळ ०.२ मिलिग्रॅम इंधनातून. वीजबिलाच्या भाषेत ते सुमारे १९ युनिट होतात, तेही उष्णतेच्या रूपात, आणि प्लाझ्मा तापवायला त्याहून अधिक ऊर्जा खर्च झाली होती. ‘इटर’चे उद्दिष्ट ५० मेगावॉट तापवणशक्तीतून ५०० मेगावॉट मिळवण्याचे आहे, आणि तेही वीजकेंद्र नव्हे, प्रयोगच आहे. तारापूरचे पहिले दोन संच मात्र १९६९ मध्येच वीज देऊ लागले होते. शिक्षिकेच्या शंकेचे उत्तर इतके साधे आहे: विखंडनाचे तंत्र हातात आहे, संमीलनाचे अजून नाही.

संमीलनात कचरा अजिबात नसतो, हेही म्हणू नये. विखंडनाच्या तुकड्यांत सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० हे सुमारे ३० वर्षे अर्धायुष्याचे (म्हणजे तेवढ्या काळात निम्मे उरणारे) पदार्थ असतात, आणि त्याच इंधनात तयार होणाऱ्या प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४,००० वर्षांहून अधिक आहे. संमीलनाची राख म्हणजे निरुपद्रवी हेलियम, पण १७.६ पैकी १४.१ एमईव्ही घेऊन सुटणारा न्यूट्रॉन पात्राच्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ आणि किरणोत्सारी करतो. हा किरणोत्सार बराच लवकर ओसरेल असे पोलाद तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि म्हणून या बाबतीत संमीलनाचे पारडे स्पष्टपणे जड आहे, एवढे मी निःशंकपणे सांगेन.

‘इंधन समुद्रात आहे’ हे विधानही अर्धेच खरे आहे. हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक ड्युटेरियम असतो, आणि तो पाण्यातून वेगळा काढण्याचे तंत्र आपल्याकडे अनेक दशके आहे, कारण नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या आपल्या भट्ट्यांना जड पाणी लागते. ट्रिटियम मात्र निसर्गात जवळजवळ नसते. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असल्यामुळे ते साठवूनही टिकत नाही. १००० मेगावॉट संमीलन शक्ती वर्षभर अखंड चालवायला सुमारे ५५ किलो ट्रिटियम लागेल, आणि ते पात्राभोवतीच्या लिथियमच्या थरात त्याच न्यूट्रॉनांनी तयार करावे लागेल. प्रत्येक संमीलनातून न्यूट्रॉन एकच मिळतो आणि काही तर वाया जाणारच, म्हणून बेरिलियम किंवा शिसे वापरून न्यूट्रॉन वाढवण्याची योजना असते.

सुरुवातीचे ट्रिटियम जड पाण्याच्या भट्ट्यांतून येते, विशेषतः कॅनडातील. जड पाण्यातल्या ड्युटेरियमने एक न्यूट्रॉन गिळला की त्याचे ट्रिटियम होते. आमच्यासाठी तो त्रासाचा पदार्थ होता: तो पाण्याच्या वाफेबरोबर श्वासातून आणि कातडीतून अंगात जातो, म्हणून काही भागांत बाहेरून हवा पुरवणारा प्लास्टिकचा पोशाख चढवून जावे लागे, बाहेर आल्यावर लघवीचा नमुना द्यावा लागे, आणि मात्रा थोडी जास्त आली की भरपूर पाणी, ताक, सरबत पीत राहा म्हणून आरोग्य भौतिकी विभागाचा निरोप येई. संमीलनाच्या प्रयोगांत जाणारे ट्रिटियम ते हेच.